शनिवारचं पत्र

कुमुदने काडी ओढली, गॅस पेटवला आणि पातेल्यात दोन कप पाणी ठेवलं. मागे वळून बघायचं तिला धाडस होत नव्हतं. खिडकीपाशी एस्थरमावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर १९९१चा नवाकोरा दिवाळी अंक होता. त्यात कुमुदची कथा होती. तिने स्वतः तो अंक त्यांना दाखवला नव्हता. कुणीतरी मुद्दाम आणून दिला होता. पनवेलात अशा परोपकारी माणसांना तोटा नाही.

दर शनिवारी हे असंच चालायचं. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू; त्यांच्या घरी शब्बाथला, म्हणजे शनिवारी, विस्तव पेटवत नाहीत. म्हणून सकाळच्या शाळेत शिकवून आली की शेजारची कुमुद त्यांचा दुपारचा चहा करून द्यायची आणि मावशी तिला मुलाचं पत्र वाचून दाखवायच्या. डॅनियल पाच वर्षांपूर्वी इस्राएलला गेला होता. पत्रं मात्र मराठीत, आणि काय ती पत्रं! नजर पोचेल तिथवर संत्र्याच्या बागा, टेकडीवरचं पांढरं गाव, पडद्यांना वाळूचा वास लावून जाणारा वारा. एलिशेवा नावाची सून कोकम मिळत नाही म्हणून कालवणात लिंबू पिळायची आणि नवऱ्याची बोलणी खायची. खिडकीखालच्या वडाळे तळ्यावरचा उजेड छतावर हलत असायचा, चहा निवून जायचा आणि कुमुद त्या बागांमधून हिंडत असायची. सोमवारी फळ्यावर त्रैराशिक मांडतानासुद्धा तिला संत्र्याच्या फुलांचा वास यायचा. आठवड्यातला तेवढाच एक तास तिचा स्वतःचा होता.

त्या वासानेच घात केला. तिने कथा लिहायला घेतली. एस्थरच्या सुमतीबाई झाल्या, इस्राएलची अमेरिका झाली, संत्री तशीच राहिली. शनिवारचा शेजारणीच्या हातचा चहाही राहिला, तो मोह काही तिला आवरला नाही. सुमतीबाई शनिवारीच विस्तवाला हात का लावत नाहीत, हे संपादकांनी विचारलं नाही, पण आळीत ज्याने त्याने ओळखलं. तेही एक वेळ निभावलं असतं. पण कथेला शेवट सापडेना, तेव्हा कुमुदने मुलाला मारून टाकलं. अपघात होतो, तार येते, संपली कथा. छापून आल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. एका माऊलीचा जिताजागता मुलगा आपण मारला, आणि तोही ऐन दिवाळीत, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

तिने चहा गाळला, कप मावशींपुढे ठेवला आणि त्यांनी काही विचारायच्या आतच सगळं बोलून टाकलं. चुकले, म्हणाली. पत्र वाचून दाखवू नका, माझ्याशी बोलूही नका, मी नुसती चहा करून निघून जाईन, पण मला येऊ द्या, असंही म्हणाली. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

मावशींनी अंक मिटून बाजूला ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"शेवट तुला कुणी सांगितला?" त्यांनी विचारलं.

कुणीच नाही, मनानेच लिहिला, असं कुमुद कशीबशी म्हणाली.

"त्या संत्र्याच्या बागा मी रचल्या. टेकडीवरचं गाव मी रचलं. एलिशेवासुद्धा मीच. तुझ्या कथेतला शेवट तू रचलास, तेवढाच खरा आहे गं."

मग त्या सावकाश सांगत गेल्या. तीन वर्षांपूर्वी त्या आठ दिवस अलिबागला बहिणीकडे गेल्या होत्या, त्या काही हवापालटासाठी नाही. तिथे सात दिवस जमिनीवर बसून त्यांनी डॅनियलचा शोक पाळला होता. सिनेगॉगमधल्या उरल्यासुरल्या माणसांना ते ठाऊक होतं. ती माणसं भेटली की हळू आवाजात बोलायची. इथे परत आल्यावर पहिल्याच शनिवारी कुमुदने काडी ओढता ओढता विचारलं, पत्र आलं का? आणि त्यांच्या तोंडून हो निघून गेलं. त्याची खरी पत्रं चार ओळींची असायची, तब्येत बरी आहे, काळजी करू नये; ती त्यांनी कुणाला वाचून दाखवली नव्हती. त्यातलंच एक हातात धरून त्यांनी पुढचं वाचलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी तासभर डॅनियल या घरात जिवंत असायचा.

कुमुद त्यांच्या पायाशी जाऊन बसली. छतावरचा उजेड भिंतीवर उतरला होता. मावशींनी निवलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला आता पुढचं सुचत नाही, कुमुद. येत्या शनिवारचं पत्र तू लिहून आण. एलिशेवाला दिवस गेलेत, तिथून सुरू कर."