दुखवट्याची साडी

"सिंधूबाईंनी मृत्युपत्र केलं नाही. घर कायद्यानं भावाचं," नोंदणी कार्यालयातला कारकून शेवंताला म्हणाला.

देवळात हार घालून दोघींनी बावीस वर्षं संसार केला होता, पण कागदाला तो दिसत नव्हता. सिंधूच्या भावानं, भिकाजीनं, घर सोडायलाच बोलावलं असेल, असं समजून शेवंता किल्ल्या घेऊन आली होती.

"बक्षीसपत्र करा. घर हिच्या नावावर," भिकाजी म्हणाला.

"या तुमच्या कोण?"

"बहिणीची बायको."

"असं नातं नाही लिहिता येत, काका."

"मग तुम्हाला येतं ते लिहा." त्यानं पिशवीतून साडी काढून शेवंताच्या हातात दिली. "नवरा गेला की बाईला माहेरून दुखवट्याची साडी येते. तुझं माहेर तुटलं, म्हणून मी आणली."

महिनाभर 'मैत्रीण' म्हणवून घेत कोरड्या डोळ्यांनी वावरलेली शेवंता तिथंच बाकावर रडायला लागली.