मक्यातला आवाज

"आजी, परत एकदा. पण या वेळी जरा घाबरून सांगा."

कुलदीप जवंजाळने माइक पुन्हा सोजराबाईच्या तोंडाशी नेला. अमडापूरच्या शिवारात, मक्याच्या बांधावर म्हातारीला उन्हात उभं करून तास होत आला होता.

"बापू, मले भेवच वाटलं नाई तं सांगू कसं?" सोजराबाई म्हणाली. "आवाज येते, हे खरं हाय. दिवस बुडता बुडता येते. पण तो आल्यापासून डुकरं पार गेले पाहा. पंधरा रोज झाले, एक फिरकलं नाई."

कुलदीप झटक्यात कॅमेऱ्याकडे वळला. "ऐकलंत? राक्षसाने शिवारातली सगळी रानडुकरं गिळली! आता पाळी कुणाची? झोपू नका, संकट तुमच्या दारात आहे!"

"गिळले कुठं म्हनलं मी?" सोजराबाईने विचारलं. पण कॅमेरामन गोपालने कॅमेरा केव्हाच खाली केला होता.

पाच दिवसांपूर्वी कुणीतरी तो आवाज मोबाइलवर चॅनेलला पाठवला होता. आधी खरखर, मग घुमणारा ओरडा, मग गळा आवळल्यासारखा चिरका सूर. चॅनेलने दुपारपर्यंत त्याचं नाव 'महासुर' ठेवलं आणि चार हातांचं चित्रही काढलं. मक्यात चार हातांचं काय काम, हे कुणी विचारलं नाही. मागच्या महिन्यात वास्तुशास्त्र सांगणाऱ्या गृहस्थांनी या वेळी ध्वनितज्ज्ञ म्हणून निदान केलं, "मेंदू लहान, गळा मोठा आणि भूक कधीच न भागणारी."

गावकऱ्यांनीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. जन्मात शेताचं तोंड न पाहिलेले लोक प्रत्यक्षदर्शी झाले. कुणाला डोळे दिसले, कुणाला शेपूट.

कुलदीपला मात्र शेपटाने भागणार नव्हतं. सकाळीच संपादकाचा फोन आला होता. "आज सहाला लाइव्ह. डरकाळी ऐकू आली पाहिजे. नाहीतर उद्यापासून तुझ्या खुर्चीवर प्राची." ही पोकळ धमकी नव्हती. कुलदीपला ती खुर्ची अशीच मिळाली होती. तो मूळचा जवळच्याच पिंपळगाव राजाचा. तीन वर्षं घासून घासून त्याने जिभेवरची वऱ्हाडी काढली होती, ती काही पुन्हा गावी येऊन बसायला नव्हे.

दुपारी सोजराबाईचा मुलगा निवृत्ती आला. मका त्याचाच. तो तिसऱ्यांदा येत होता.

"सायेब, त्या आवाजाचं मले थोडं सांगाचं व्हतं."

"तुम्ही पीडित आहात. पीडित माणूस सांगत नाही, रडतो. रडता येतं?"

"रडू तं येऊनच राह्यलं. मका पाहा ना."

राक्षस बघायला आलेल्यांच्या जीपांनी आणि पायांनी अर्धा एकर मका आडवा झाला होता.

"डुकरायनं केली नाई एवढी नासाडी," निवृत्ती म्हणाला. "तुमी हे बंद करता, का मी करू?"

"जे काय करायचं ते सहा वाजता कॅमेऱ्यासमोर करा," कुलदीप म्हणाला. त्याला भांडण हवंच होतं.

निवृत्ती निघून गेला. सोजराबाईला ओशाळल्यासारखं झालं. "राग धरू नका बापू. तुमचा कार्यक्रम रोज लावते तो घरी. मोबाइलात भरून बी घेतला त्यानं."

कुलदीपच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जाताना पोराला एक सही देऊ, असं त्याने ठरवलं.

सहाला दिवस बुडत आला. बांधावर जत्रा जमली होती. कुलदीपने केस सारखे केले, घाबरलेला चेहरा चढवला आणि बोलायला तोंड उघडणार, तोच मक्यातून आवाज उठला.

लोक किंचाळले. बाया पोरांना उचलून पळाल्या. कानातल्या यंत्रातून संपादक म्हणाला, "शाब्बास! प्राचीला घरी पाठवतो."

तेवढ्यात निवृत्ती मक्यात शिरला.

"पाहा! एक शूर शेतकरी मृत्यूच्या जबड्यात!" कुलदीप ओरडला. गोपालचा कॅमेरा हलणाऱ्या कणसांवर खिळला. आवाज जवळ येऊ लागला. मका दुभंगला आणि निवृत्ती बाहेर आला. आवाज त्याच्या हातात होता. गोणपाटात गच्च गुंडाळलेला, बॅटरीवरचा भोंगा.

"दिवस बुडला का आपोआप वाजते. दव लागते म्हून गुंडाळला," तो कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाला. "आंधी वाघाचा आवाज भरला व्हता, डुकरं दोन रोजात सरावले. कुत्रे भुकवले, फटाके वाजवले, त्यालेबी सरावले. मंग हा भरला. याले मात्र कोनतंच जनावर सरावलं नाई."

"बंद कर बे थे!" कुलदीपच्या तोंडून अस्सल वऱ्हाडी निसटली.

"कॅमेऱ्यासमोरच करा म्हनलं व्हतं तुमी," निवृत्ती म्हणाला. त्याने भोंगा माइकला टेकवला आणि बंद करण्याआधी गोणपाट सोडलं.

"नमस्कार! मी कुलदीप जवंजाळ! झोपू नका, संकट तुमच्या दारात आहे!"