खिडकीसाठी तिसरा मॉनिटर

अच्युतराव वारले तेव्हा त्यांचे मन घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतले होते. दोन मॉनिटरच्या कॅमेऱ्यांतून त्यांना कपाट आणि देव्हारा एवढेच दिसे. खिडकी दिसावी म्हणून शरयूताईंनी तिसरा आणला.

“चालू मशीनला केबल लावू नकोस. आधी बंद कर,” स्पीकरमधून ते म्हणाले. दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी जन्मभर हाच नियम पाळला होता.

“आणि तुम्ही परत उठला नाहीत तर?”

“रोज चहा करून तुला उठवणारा मी. मीच उठणार नाही होय?”

शरयूताईंनी मशीन बंद केले, केबल लावली, पुन्हा सुरू केले. तिन्ही पडदे उजळले: ‘नाव लिहा.’

त्यांनी ‘अच्युत’ लिहिले.

‘नवीन सदस्याचे स्वागत.’

“अहो,” तिसऱ्या पडद्याला त्या विनवत राहिल्या, “खिडकी बघा ना.”