कोपऱ्यावरचा ताण

कोपऱ्यावर पुन्हा शून्य आलं.

सिद्धेश्वरीनं लॅपटॉपकडे असं बघितलं, जणू त्यानंच मुद्दाम केलंय. चौकोनी सळई पिळली की तिच्या आडव्या छेदावर कुठं किती ताण येतो, एवढंच प्रोग्रामनं सांगायचं होतं. छेदावर बारीक जाळी टाकायची, जाळीच्या प्रत्येक गाठीवर आकडा काढायचा. दहाची जाळी झाली, चाळीसची झाली, शंभरची झाली. बाकी आकडे सुधारत गेले. कोपरा हटायला तयार नाही.

आणि हे उघड चूक होतं. गोल दांड्यात मध्यापासून जितकं लांब तितका ताण जास्त, हे तिनं दुसऱ्या वर्षापासून घोकलेलं. चौकोनात सगळ्यात लांब कोपराच की! उद्या तोंडी परीक्षा. तीन आठवडे शोधून चूक सापडेना, तेव्हा तिनं ठरवलं, कोपऱ्याचे आकडे सरळ हातानं भरायचे. लाज वाटत होती. नापास व्हायची भीती त्याहून मोठी होती.

दुपारी वडिलांचा, ईश्वरप्पांचा डबा घेऊन ती त्यांच्या अक्कलकोट रोडच्या दुकानात आली होती आणि तिथंच लॅपटॉप उघडून बसली होती. ईश्वरप्पा खिडक्यांच्या ग्रिल करायचे, पिळाच्या सळयांच्या. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून या बाईसाहेबांना अप्पांना काही विचारावं असं कधी सुचलं नव्हतं. आज वैतागून विचारलं, सळई पिळताना कोपरेच आधी जातात ना?

ईश्वरप्पांनी नवी काळी सळई व्हाइसच्या जबड्यात आवळली, दुसऱ्या टोकाला लांब दांड्याचा पाना लावला आणि सावकाश रेटला. वरचा काळा पापुद्रा तडकून उडायला लागला. बाजूंच्या मधोमध आधी. कोपरे काळेच राहिले.

"आदी मधलंच सोलतंय. कोपऱ्याला काय बी होत न्हाय. तीस वर्षं बगतोय की."

तिनं स्क्रीन बघितली. सगळ्यात मोठे आकडे बाजूंच्या मधोमधच होते. म्हणजे तीन आठवडे ती बरोबर उत्तरात चूक शोधत होती. तिला एकदम हसू फुटलं, आणि इतकं हलकं वाटलं की तिनं अप्पांचा तेलकट हातच धरला.

ईश्वरप्पांनी पाना खाली ठेवला. डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पर असं का हुतंय, ते मला आजवर कुनी सांगितलं न्हाय. तू सांग."

तिनं पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं. ईश्वरप्पांनी शांतपणे ऐकलं, मान हलवली, काही कळलं नाही म्हणाले, आणि आपल्या घरच्या भाषेत, कन्नडात सांग म्हणाले.

कन्नडात तिनं काहीच घोकलेलं नव्हतं. सांगायचं तर आधी स्वतःला समजून घ्यावं लागणार होतं.