हंसाची हाक

कर्करोगात आवाज गेल्यावर कोळीण हंसा तांडेलच्या गळ्यात यंत्र बसवलं. त्यात एका दिवंगत गायिकेचा आवाज होता. त्याच आवाजात ती मासळीबाजारात ओरडली, म्हणून त्या आवाजाचे हक्क असलेल्या कंपनीने तिला कोर्टात खेचलं.

"परवानगी घरात बोलायची होती, धंद्याची नव्हे," कंपनीचे वकील म्हणाले.

"त्यामुळे तुमची गाणी कमी खपली?" न्यायाधीश कर्णिकबाईंनी विचारलं.

"तसं नाही, पण..."

"हंसाबाई, बाजारातली हाक मारा बघू."

"ताजी सुरमई घे गो बाय!"

बंद दाराबाहेर तारखेसाठी ताटकळलेली कुणी बाई ओरडली, "हंसा, माझ्यासाठी दोन ठेव गो!"

सगळे हसले. कर्णिकबाई मात्र वकिलांकडे बघत म्हणाल्या, "तिला गायिका नाही, हंसा ऐकू आली. आवाज तुमचा असेल, हाक हिची आहे. वापर रास्त!"