मोरपंखी मफलर

"आपण दोघंही पहिल्यांदाच आलोय," म्हणत उल्हासने भाड्याच्या अरुंद बोटीचं सुकाणू धरलं. सत्याऐंशीच्या मार्चमध्ये कालव्याच्या कडेला अजून बर्फ होता. वसुधा नवऱ्याशेजारी मोरपंखी मफलर विणत बसली. मावसबहीण सुलेखा नागपूरहून इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला शिकायला आली तेव्हा तिला असाच एक विणून दिला होता; "ताई, बसमध्ये राहिला गं," म्हणून पोरगी ढसाढसा रडली होती. हा दुसराही तिच्यासाठीच. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या फाटकापाशी बोट थांबली. पाणी सोडणाऱ्या म्हातारीने उल्हासला ओळखून हात केला आणि फाटकाशेजारच्या आपल्या खोलीतून आणून वसुधाच्या हातात तसलाच मोरपंखी मफलर ठेवला. "फॉलमध्ये, पानगळ बघायला आलात तेव्हा विसरलात ना, हनी?" म्हातारीला टिकलीवाल्या सगळ्या सारख्याच. टोकाची चुकलेली वीण मात्र वसुधाचीच होती. "अगं, ऐक ना..." उल्हास पुटपुटला. "समोर बघा, बोट आपटेल," म्हणत तिने सुया काढल्या आणि नवा मफलर उसवायला घेतला.