दोन गठ्ठे

"कॅमेरा एक नंबर, बॅटरी दोन दिवस हलत नाही, पण हे फोटोंचं ॲप साफ भिकार." नव्या फोनबद्दल भाऊजींची जीभ थकत नव्हती. धाकटा भाऊ वर्षभराने भेटायला आला होता, तरी ताई आतूनच "बरी आहे रे" म्हणाली होती.

"म्हणे चेहरे ओळखतं. माझ्या एकुलत्या एका बायकोचे दोन गठ्ठे केलेत, बघ."

त्याने पाहिलं. एका गठ्ठ्यात लग्नातली ताई हसत होती. दुसऱ्यात तिचं नाक वाकडं होतं, पुढचे दोन दात नव्हते, गळ्यावर बोटांचे वळ होते. खाली ॲपने विचारलं होतं, 'ही एकच व्यक्ती आहे का?'

त्याने फोन जपून टीपॉयवर ठेवला आणि भाऊजींच्या तोंडावर सगळ्या ताकदीनिशी ठोसा हाणला. मग दुसरा. मग तिसरा.

"आता काढा स्वतःचा फोटो, भाऊजी. तुमचेही दोन गठ्ठे करतंय का बघू."